खंडेनवमीच्या पाटावरची दोन पिस्तुलं

माझ्या आत्याकडे पिस्तूल आहे, हे मी कॉलेजात कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. माझे बाबा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात फिटर, आणि त्याहून जास्त कामगारांची पत्रकं लिहिणारे. बदलापूरच्या आमच्या दोन खोल्यांत वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त असायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्या प्रुफांवर. पहिलीत असताना मला ‘बदक’च्या आधी ‘बडतर्फ’ वाचता यायचं. त्यामुळे हत्यार, मालमत्ता, संरक्षण असल्या शब्दांविषयी माझी मतं फार लवकर पक्की झाली, आणि ती मी जेवताना, लग्नकार्यात, कुणी विचारो न विचारो, सांगत असे. ‘हत्यार माणसाला निर्भय करत नाही, भीती खिशात घालून फिरायची सोय करतं’ हे वाक्य मी सतराव्या वर्षी लिहिलं. त्याचा मला फार अभिमान होता.

आत्यानं ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, “खिशात कुठं? माझं तर कपाटात असतं, साड्यांखाली.”

आत्या चामटोलीला राहते, गावाच्या बाहेर, बांधापलीकडच्या घरात. पुढे भाजीचा वाफा, मागे आंब्याची झाडं. ही गोष्ट घडली तेव्हा आतोबांना जाऊन पाच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. त्या बाजूला पूर्वी दोनच घरं होती, आतोबांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं. दोघा भावांनी तरुणपणी परवाने एकत्र काढले आणि एकाच दुकानातून, एकाच दिवशी, दोन सारखी पिस्तुलं घेतली. परदेशी बनावटीची, तेव्हाच म्हातारी झालेली, तळहातात मावतील एवढी. कडांचा काळा मुलामा उडून खालचं पांढरं लोखंड दिसायचं. घरात त्यांना राम-लक्ष्मण म्हणत. थोरले पुढे बदलापूरला फ्लॅटमध्ये राहायला गेले, तसा त्यांच्याबरोबर रामही गेला. लक्ष्मण चामटोलीत राहिला.

आतोबा गेल्यावर ते पिस्तूल परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करावं लागलं. ते आपल्या नावावर करून घ्यायला आत्यानं दीड वर्ष खेपा घातल्या. प्लास्टिकच्या पिशवीत कागद, वर छत्री. एका साहेबानं विचारलं, “बाई, तुम्हाला हे झेपेल का?”

“साहेब, तुम्ही खुर्चीत बसून विचारताय,” आत्या म्हणाली, “मी सहाव्यांदा येतेय. झेपायचं मला काय विचारता?”

परवाना मिळाला. तिला तो इतका हवा होता याचं कारण गोळी झाडणं नव्हतं. बाबा आणि थोरले दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं, आणि एरवी त्यांचं कशावरच एकमत नसायचं. एकट्या बाईनं गावाबाहेर राहू नये. थोरले म्हणत, माझ्याकडे ये. बाबा म्हणत, आमच्याकडे ये. आत्या दोघांना एकच उत्तर द्यायची, “हे हाय तवर मी हितंच.” आणि कपाटाकडे बोट दाखवायची. एकदा संध्याकाळी विहिरीवरच्या पंपाची मोटार चोरायला दोघं आले होते, ते पळाले. तेव्हापासून तिच्या त्या उत्तराला वजन आलं होतं. त्या पिस्तुलावर तिचं घर उभं होतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी तिला दर भेटीत ते सोडून द्यायला सांगत होते.

“आलं तुझं पत्रक,” ती म्हणायची. “वाच, वाच. भाकरी करतेय तवर वाच.”

खंडेनवमीला थोरले आपलं पिस्तूल घेऊन चामटोलीला यायचे. आत्याच्या ओट्यावर पाट मांडायचा, त्यावर कोयता, विळे, पहार, पंपाचा पाना, आणि मधोमध राम-लक्ष्मण. झेंडूची माळ, हळद, कुंकू. ही रीत आतोबांची. त्या वर्षी मी मुद्दाम गेले, कारण मला थोरल्यांशी वाद घालायचा होता. विळ्याची पूजा मला समजते, असं माझं म्हणणं होतं. विळ्यानं पोट भरतं. पिस्तुलानं काय भरतं?

थोरले ओट्यावर बसून दोन्ही पिस्तुलं रिकामी असल्याची खात्री करून ती उघडत होते. गोळ्या आधीच आतल्या खोलीत, स्टीलच्या डब्यात. रामाचे भाग एका कागदावर, लक्ष्मणाचे दुसऱ्यावर.

“तू बोल,” ते म्हणाले, “पण हात पण चालव. हे घे, बनियनचा तुकडा. पुसून ठेव.”

मी पुसत होते आणि बोलत होते. सत्ता, भीती, पुरुषी मिरवणं, सगळं. बोलताना माझे हात फार हलतात. एका कागदावरचं उचलून मुद्दा पटवायचा आणि जिथे हात थांबेल तिथे ठेवायचं, असं मी किती वेळ केलं कुणास ठाऊक. थोरले मधूनमधून “बरं,” “बरं” म्हणत आत्याला चहाची आठवण करून देत होते. मग त्यांनी दोन्ही पिस्तुलं जोडली. सगळं जागच्या जागी गेलं. खटका लागला. कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. आत्यानं दोघांवर हळदकुंकवाची बोटं ओढली, नेहमीसारखीच, सढळ हातानं.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला.

“पोरी, त्याचं खालचं आपोआप पडतंय.”

“काय पडतंय?”

“मॅगझिन, गोळ्या भरायचं. आत घातलं की राहत नाय. आणि वरचं मागं ओढलं की अडकतंय. तू काय केलंस त्याला?”

“मी? मी फक्त पुसलं.”

“म्हंजे तूच केलंस.”

मी थोरल्यांना फोन केला. त्यांनी आपलं काढून पाहिलं. त्यांचं मॅगझिन आत जाताना घासत होतं. मग म्हणाले, “राम-लक्ष्मण अदलाबदल झाले बहुतेक. तुझं भाषण चालू होतं तेव्हा.”

खरं तर घरच्या घरी पुन्हा उघडून जुळवता आलं असतं, असं थोरल्यांना वाटत होतं. आत्या ऐकेना. तिला खात्री हवी होती. उल्हासनगरात एक परवानाधारक दुरुस्तीवाले आहेत, आतोबा कधीकाळी त्यांच्याकडे जायचे, एवढं तिला आठवत होतं. तेव्हा एका सकाळी आम्ही तिघं निघालो. चामटोलीहून बदलापूर, तिथून अंबरनाथ, तिथून उल्हासनगर, तीन रिक्षा. आत्याच्या मांडीवर पर्स, पर्समध्ये ते, आणि परवान्याचं पुस्तक ब्लाउजमध्ये. थोरल्यांचं त्यांच्याकडे. मी मधे बसले होते. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला मी श्वास धरत होते, आणि आत्या मला कोपरानं ढोसत होती, “रिकामं हाय गं.”

दुकान एका गल्लीत, शिलाई मशिनच्या सुट्या भागांच्या दुकानाला लागून. आत लोखंडी जाळी, काचेचं कपाट, भिंतीला परवान्याची फ्रेम. दुकानदार ऐंशीच्या आसपासचे सिंधी गृहस्थ, पांढरा झब्बा, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्यांनी आधी दोघांचे परवाने पाहिले, वहीत लिहिले, मग हात पुढे केला. उल्हासनगरात आयुष्य गेलेल्या माणसाची मराठी बोलायचे ते. हिंदी कुठे संपते आणि मराठी कुठे सुरू होते, ते त्यांनाही माहीत नसावं.

“अदी, बसा,” ते आत्याला म्हणाले. अदी म्हणजे बहीण, हे मला नंतर कळलं. “तुमचे मिस्टर यायचे. बहुत साल झाले.”

“ते गेले,” आत्या म्हणाली.

त्यांनी मान खाली घातली, क्षणभर हात जोडले, आणि मग दोन स्टीलच्या ताटल्या घेतल्या. दोन्ही पिस्तुलं उघडली. प्रत्येक तुकडा भिंगाखाली धरून एकेका ताटलीत टाकू लागले. हा इकडे, हा तिकडे. मला वाटलं, ते आठवणीनं करतायत. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि भिंग दिलं. तुकड्यांवर बारीक आकडे ठोकलेले होते, पिस्तुलाच्या नंबरातले शेवटचे.

“दोघं सारखेच आहेत ना पण?” मी विचारलं. “एकाच कंपनीचे. एकाच वर्षीचे असतील.”

“दिसायला सेम,” ते म्हणाले. “आमच्या या गल्लीत सगळे बोलतात, सेम टू सेम. मोबाइलचं कव्हर सेम असतं, बेटा. ही जुनी चीज सेम नसते. मशिनने आधा काम करायचं, आणि बाकीचं कारागीर कानशीने करायचा. ह्याचा स्प्रिंग ह्याच्याच मापाचा घासलेला. दुसऱ्यात बसतो, पण नीट चालत नाही. मॅगझिनचा दात पण तसाच. एक केसाएवढा फरक. बस.”

“कुणी मिक्स केलं?” मग त्यांनीच विचारलं.

थोरल्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्यानं छताकडे पाहिलं.

“मी,” मी म्हणाले.

“शाबाश. हात चालत होता की जबान?”

“जबान,” आत्या म्हणाली. आणि तिघंही हसले. मी सोडून.

पण मग म्हातारबुवा हसायचे थांबले. आत्याच्या पिस्तुलाचा वरचा भाग त्यांनी उजेडाकडे धरला होता. चिमट्यानं आतून काहीतरी खरवडलं. तांबूस-पिवळा, डिंकासारखा चिकट थर निघाला. त्यांनी तो बोटावर घेऊन वास घेतला.

“हळदी?”

“पूजा करतो ना आम्ही,” आत्या म्हणाली. “दरसाल.”

“आणि वरून तेल.”

“तेल तर लावायलाच पाहिजे ना?”

गोळीला मागून ठोकणारी बारीक पिन त्यांनी बाहेर काढली, कापडावर ठेवली, आणि तिच्या शेजारी थोरल्यांच्या पिस्तुलातली ठेवली. थोरल्यांची टोकदार होती. आत्याची पुढून बोथट, जणू कुणी चावून तोडलेली.

“माझ्याकडून मोडली?” मी विचारलं.

“नाही, बेटा. ताजी मोड चमकते. ही बघ, काळी झालीय. आणि नंबर ह्याच पिस्तुलाचा आहे, म्हणजे ही पहिल्यापासून इथलीच. सात साल, दस साल, त्याहून जास्त पण असेल.” मग ते आत्याकडे वळले. खूप जपून बोलले. “अदी, हे पिस्तूल बरेच वर्षं चालतच नव्हतं. तुम्ही दाबलं असतं, तर टक् आवाज झाला असता. एवढंच.”

थोरले म्हणाले, “पण आम्ही दरवर्षी उघडतो की.”

“उघडता. पुसता. फूल ठेवता. ही पिन बाहेर काढून कधी पाहिली?”

आत्यानं बोथट पिन उचलून हातात घेतली. “म्हंजे हे होते तेव्हाही मोडलेलंच असणार,” ती म्हणाली. आतोबांविषयी ती अशीच बोलते, ‘हे’.

“असेल.”

थोरल्यांनी आपली पिन पुढे सरकवली. “माझी हिच्यात घाला. मला नको. मी फ्लॅटमध्ये राहतो, खाली वॉचमन आहे.”

म्हातारबुवांनी ती उचलून पुन्हा थोरल्यांच्या ताटलीत ठेवली. “साईं,” ते थोरल्यांना आदरानं म्हणाले, “आत्ताच सांगितलं ना? ही तुमच्यात घासून बसवलेली. तिच्यात थोडी लांब होईल, थोडी कमी होईल, मला पण माहीत नाही.” मग त्यांनी टेबलाखालून एक पत्र्याचा डबा काढला. जुन्या पिना, स्प्रिंगा, स्क्रू. “इथे दुसऱ्या कंपनीची पिन पण आहे. मी कानस मारली तर बसेल. बाहेरून कुणाला कळणार नाही. दहा वेळा चालेल. अकराव्या वेळी नाही. किंवा हातातून पडलं आणि आपोआप चाललं. मी असं करून अदीच्या घरात पाठवू?” त्यांनी डबा बंद केला. “असली पिन मिळत नाही. खोटी मी बसवणार नाही.”

इथे मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. माझं सतराव्या वर्षीचं वाक्य खरं ठरलं होतं. पण तेवढ्यात थोरले म्हणाले, “मग ठरलं तर. दिवाळीच्या आधी हिचं सामान हलवू. मी तुझ्या बाबांशी बोलतो.” मी इतकी वर्षं तिला पिस्तूल सोड म्हणत होते, पण त्यानंतर ती कुठे राहील, हे माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

“काय ठरलं, भावजी?” आत्यानं विचारलं.

“अगं, म्हणजे आता...”

“ते मोटारचोर आले तेव्हा हे माझ्या पदराखाली होतं. त्यांना दिसलंच नाय. मी ओट्यावर उभी राहून शिव्या दिल्या, म्हणून पळाले. तुम्हाला सगळ्यांना वाटलं, पिस्तुलाला घाबरले. मलाही तसंच वाटायला लागलं.” तिनं पदर सारखा केला. “पाच वर्षं हे मेलेलंच होतं ना? मग मी एकटीच राहत होते की. कुणाला काय झालं?”

म्हातारबुवा वहीत काहीतरी लिहीत होते. मान न उचलता म्हणाले, “बात तर बरोबर आहे, साईं.”

थोरल्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी घरातलं भांडण चोरून ऐकलं.

आत्यानं पिस्तूल त्यांच्याकडेच जमा करून ठेवलं. पुढचा अर्ज, परवाना रद्द करण्याचा, तिच्या सांगण्यावरून मी लिहिला. मी त्यात दोन ओळी जास्त घातल्या होत्या, तत्त्वाच्या. तिनं त्या खोडायला लावल्या. “साहेबाला तत्त्व कशाला? त्याला फक्त नको म्हणून सांग.” थोरल्यांचं पिस्तूल म्हातारबुवांनी नीट जोडून, त्याच्यातलीही हळद काढून दिलं आणि बजावलं, “पूजा करा, लेकिन बाहेरून. खाली केळीचं पान ठेवा, फूल ठेवा. हळदी पाटाला लावा.”

निघताना ते मला म्हणाले, “बेटा, तू मिक्स केलं नसतं तर ही अदी इथे आली नसती. पुढच्या वेळी मोडकं पिस्तूल भरवशाचं समजून ती दरवाजा उघडून बाहेर गेली असती. समजली?” मला तेव्हा रडू आलं. मी त्यांना धन्यवाद म्हणाले की नाही, ते आठवत नाही. बहुधा नाही. म्हणून इथे म्हणते आहे. त्या डब्यातली पिन त्यांना सहज बसवता आली असती. आम्ही खूश होऊन गेलो असतो. कुणाला काही कळलं नसतं, जोवर कळायची वेळ येत नाही तोवर. अशी माणसं आपापल्या गल्लीत, आपापल्या भिंगामागे बसून नाही म्हणत असतात, आणि त्यांच्या त्या नकारावर आपली माणसं सुखरूप राहतात. मी पत्रकात कायम मोठ्यांदा नाही म्हणणाऱ्यांविषयी लिहिलं होतं. असा हळू आवाजातला नकार मी पहिल्यांदा तिथे ऐकला.

घरी वाद झालाच. बाबा म्हणाले, ती इथेच येणार. मी म्हणाले, येणार नाही. बाबांनी विचारलं, “तू कुणाच्या बाजूनं आहेस?” मी म्हणाले, “बाबा, माणसानं कुठे राहायचं हे त्यानंच ठरवायचं, हे तुम्हीच लिहिलंय. कामगार वसाहतीच्या घरांच्या वेळी. गठ्ठा काढू का?” बाबांनी चहा मागितला. हरल्यावर ते चहाच मागतात.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते सकाळीच चामटोलीला निघाले. मला बरोबर घेतलं. हातात जाडजूड लोखंडी अडसर, कारखान्यातल्या सुट्टीच्या वेळात स्वतः केलेला, दोन टोकांना खाचा. आत्याच्या मागच्या दाराला आतून लावायचा. कारखान्यात तीस वर्षं नव्व्याण्णव टक्के माणसांपेक्षा बारीक माप धरणारा माणूस. त्यांनी अडसर दाराला लावून पाहिला. तो दोन बोटं लांब होता.

आत्या चुलीजवळून बाहेर आली. “कशाचं माप घेतलंस रे?”

बाबांनी अडसर उलटा करून पुन्हा लावून पाहिला.

“आपल्या बदलापूरच्या दाराचं,” मी सांगितलं.

“शाबास! हिचा बाप शोभतोस,” आत्या म्हणाली. “दार माझं, माप तुझ्याकडचं.”

बाबा उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी पिशवीतून कानस काढली. दुपारपर्यंत ते घासत होते. मी दुसरं टोक धरून बसले होते. मधे दोनदा लावून पाहिला, दोनदा परत काढला. आत्या येत-जात विचारायची, “झालं का रे?” आणि बाबा म्हणायचे, “थांब, अजून केसभर.” तिसऱ्यांदा तो खाचेत बसला. आत्यानं स्वतः दार लोटलं, अडसर घातला, बाहेरून बाबांना जोर लावायला सांगितलं. त्यांनी खांदा लावला. दार हललं नाही.

“बरं,” ती आतून म्हणाली. “आता जेवायला पुढच्या दारानं या.”